बॅरल बदलायचंय? आधी काडतूस बदलून पाहा

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझ्या .२२ रायफलीचा ग्रुप एकाएकी फुटला. ५० मीटरवर दहा गोळ्या एरवी दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत बसायच्या, त्या चहाच्या बशीएवढ्या पसरायला लागल्या. रायफल जुनी, माझ्याआधी दोन हातांतून आलेली. मी ठरवून टाकलं की नळी, म्हणजे बॅरल, गेली. लातूरहून परवाना आणि रायफल घेऊन थेट हैदराबाद गाठलं. मराठवाड्यातल्या माणसाला अजूनही डोळ्याचा डॉक्टर, लग्नाची शेरवानी आणि बंदुकीचा कारागीर म्हटलं की आधी हैदराबादच आठवतं. तिथल्या वयस्कर उस्तादांनी बोल्ट (चेंबर मागून बंद करणारी सरकती खीळ) काढला, नळीत उजेड धरून पाहिलं आणि म्हणाले, "नली कू कुछ नहीं हुआ साब. पेच ढीला है, और मुँह में कचरा जमा है." दस्त्याचा पुढचा स्क्रू सैल होता आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, तोंडाशी जळक्या मेणाचं कडं जमलं होतं. नव्या बॅरलचे पैसे वाचले, पण माझा अहंकार तिथे बराच झिजला.

हा लेख हौशी नेमबाजांसाठी आहे. म्हणजे ज्यांच्याकडे परवान्याची .२२ रायफल आहे, जे रविवारी क्लबच्या रेंजवर ५० मीटरला शंभरेक गोळ्या झाडतात आणि ज्यांना कधी ना कधी वाटतं की आता बॅरल बदलावं. काडतूस कसं निवडायचं आणि बॅरल खरंच बदलायचं असेल तर कसं निवडायचं, हे मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने सांगतो.

कागद आधी

भारतात रायफलीची नळी म्हणजे नुसता लोखंडी तुकडा नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भाग येतात. त्यामुळे सुटं बॅरल विकत घेणं, कुरिअरने मागवणं, परदेशातून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेतून आणणं, यातलं काहीही 'स्पेअर पार्ट' म्हणून खपत नाही. आयातीला वेगळी परवानगी लागते. नळी कापून आखूड करणं हा तर स्वतंत्र गुन्हा आहे, त्यामुळे तोंडाची कड खराब झाली म्हणून करवतीने इंचभर कापून घेऊ, हा विचार मनातही आणू नका.

दुसरी गोष्ट नंबराची. अनेक रायफलींवर अनुक्रमांक ॲक्शनवर (ज्यात बोल्ट बसतो तो भाग) आणि नळीवर असा दोन्हीकडे कोरलेला असतो. नळी बदलली की परवान्यावरची नोंद आणि हातातली वस्तू यांचा मेळ बसत नाही. म्हणून काम सुरू होण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे, म्हणजे जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त, यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखीच घ्या. कारकून तोंडी "चालतंय की" म्हणाला तर त्याचा पुढे काही उपयोग होत नाही. नळी बसवण्याचं काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच करायचं. घरच्या व्हाइसवर किंवा ओळखीच्या लेथवाल्याकडे नाही.

ज्यांच्याकडे साधी एअर रायफल आहे, त्यांची यातून बरीचशी सुटका आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतचं बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. १० मीटरच्या स्पर्धेची रायफल अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास फेकते, म्हणजे सात-साडेसात ज्यूल. मर्यादेच्या खूपच आत.

दोष नक्की कुणाचा?

ग्रुप फुटला की आपण सगळ्यात महाग वस्तूवर संशय घेतो. मी उलट करायला सांगेन. फुकटात तपासता येणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करा. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासून मगच हात लावा, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

सर्वात आधी ॲक्शनचे स्क्रू. दस्ता लाकडी असेल तर मराठवाड्यात हे जास्तच महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं आणि स्क्रू आपोआप सैल पडतात. जुलैत तेच लाकूड फुगतं. टॉर्क रेंच वापरा आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर थांबा. हाताच्या अंदाजाने आवळलेला स्क्रू दर वेळी वेगळा आवळला जातो.

मग साइट किंवा दुर्बिणीचे माउंट. हलवून पाहायचं आणि शक्य असेल तर क्लबातल्या मित्राची साइट लावून दहा गोळ्या झाडायच्या.

त्यानंतर नळीचं पुढचं तोंड. गोळी नळी सोडते तो शेवटचा क्षण या कडेवर अवलंबून असतो. कडेला एका बाजूने खरचटलं असेल तर मागून ढकलणारा वायू आधी तिथून निसटतो आणि गोळीला डुलवतो. भिंगातून पाहा. कापसाचा बोळा कडेवरून फिरवा. धागा अडकला की समजा तिथे काहीतरी आहे. पुढून सळई घालून साफ करणाऱ्यांच्या रायफलीत हा दोष हमखास सापडतो.

चेंबरकडे सर्वात जास्त वेळ द्या. .२२ च्या गोळीला बाहेरून मेण किंवा ग्रीससारखं वंगण लावलेलं असतं. ते जळून, त्यात शिसं आणि काजळी मिसळून चेंबर संपतो तिथे, रायफलिंग (नळीच्या आतल्या पिळदार खाचा) सुरू होण्याच्या आधी एक कडक कडं तयार होतं. नुसतं कापडी पॅच फिरवून ते निघत नाही. द्रावण लावून, मुरू देऊन, चेंबरच्या बाजूने गाइड घालून ब्रशने ते काढावं लागतं. माझ्या पाहण्यात 'मेलेली' म्हणून टाकून दिलेल्या निम्म्याहून जास्त नळ्या या कड्यामुळेच मेल्या होत्या. दुसरा दोष रिकाम्या चापाचा. चेंबर रिकामं असताना सतत चाप ओढत राहिलं तर काही रायफलींत फायरिंग पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खड्डा पडतो. मग टोपी (काडतुसाचं कवच) अडकते, कधी गोळी फुटत नाही.

हे सगळं ठीक असेल, तर मग काडतूस. आणि काडतुसानेही काही फरक पडला नाही, तरच बॅरल. .२२ एलआरची, म्हणजे लाँग रायफल काडतुसाची, गोळी मऊ शिशाची, दाब कमी, त्यामुळे नळी हळू झिजते. मोठ्या बोअरच्या तांब्याच्या आवरणाच्या गोळ्यांनी काही हजारांत नळीचा घसा, म्हणजे चेंबरपुढचा भाग, जळतो, तसं इथे होत नाही. .२२ च्या नळीला मुख्य झीज होते ती चेंबरपुढे, तळाच्या बाजूला. प्रायमरच्या (दारू पेटवणाऱ्या) मसाल्यात काचेची बारीक पूड असते, ती तिथे घासत राहते. वर्षाला दोन हजार गोळ्या झाडणाऱ्या हौशी माणसाला ५० हजारांचा टप्पा गाठायला २५ वर्षं लागतात. त्याआधी नळी गेली असेल तर गंजाने किंवा चुकीच्या सफाईने गेलेली असते.

कोणतं काडतूस

इथे मी एकाच काडतुसाबद्दल बोलतोय, .२२ लाँग रायफल. १८८७ साली अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीने ते आणलं आणि आजही ५० मीटरची जगभरातली स्पर्धा त्यावरच चालते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने) कांस्य याच काडतुसावर जिंकलं, आणि २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत प्रोनमध्ये (पालथं झोपून) जगज्जेती झाली तीही यावरच. नावात .२२ असलं म्हणून .२२ मॅग्नम त्यात चालत नाही. ते वेगळं काडतूस आहे आणि त्याला वेगळं चेंबर लागतं. मोठ्या बोअरकडे वळायची इच्छा असेल तर आधी कायद्याने त्या बोअरचा वर्ग कोणता, तेवढी लांब आणि तेवढ्या मजबूत बांधाची रेंज कुठे आहे, हे पाहा. आमच्याकडे बहुतेकांचा प्रश्न तिथेच संपतो.

.२२ एलआरमध्ये दुकानदार तुमच्यापुढे दोन जाती ठेवतो. एक साध्या वेगाचं, म्हणजे ४० ग्रेनची (साधारण २.६ ग्रॅम) गोळी सेकंदाला ३२५-३३० मीटरच्या आसपास. दुसरं हाय व्हेलॉसिटी, ३७५ मीटर किंवा त्याहून जास्त. नवख्याला वाटतं जास्त वेग म्हणजे जास्त सरळ. टार्गेटसाठी ते उलटं आहे. गोळी आवाजाच्या वेगाच्या वर निघते, हवेच्या जोरदार अडथळ्याने लवकर मंदावते आणि आवाजाचा वेग ओलांडून खाली येताना तिला हेलकावे बसतात. साध्या वेगाची गोळी पहिल्यापासूनच त्या उंबऱ्याच्या खाली असते. आणखी एक गोष्ट बहुतेकांना पटत नाही: आडव्या वाऱ्यात वेगवान .२२ गोळी जास्त वाहते. वाऱ्याने गोळी किती वाहणार हे तिच्या एकूण प्रवासाच्या वेळेपेक्षा हवेमुळे वाया गेलेल्या वेळेवर ठरतं, आणि वेगवान गोळी हवेत जास्त वेळ वाया घालवते. स्टिंगरसारखी अतिवेगवान काडतुसं तर मॅच चेंबरमध्ये (स्पर्धेसाठीच्या घट्ट चेंबरमध्ये) घालायचीच नाहीत, त्यांची टोपी लांब असते.

आपल्या उन्हाचा इथे एक फायदा आहे. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांत तो सेकंदाला ३३७ मीटर असतो, मेमध्ये ४२ अंशांत ३५७ मीटरच्या आसपास. म्हणजे साध्या वेगाच्या काडतुसाला त्या उंबऱ्यापासून उन्हाळ्यात जास्त अंतर मिळतं. तोटाही आहे. काडतूसच तापलं तर दारू जरा वेगाने जळते आणि गोळ्या वर लागतात. त्याहून वाईट म्हणजे वंगण वितळतं. गाडीच्या डिकीत तासभर राहिलेली पेटी उघडा, गोळ्या घाम फुटल्यासारख्या दिसतील. मी काडतुसं जाड थर्मोकोलच्या डब्यात ठेवतो, बर्फ न घालता. बर्फ घातला तर बाहेर काढल्यावर त्यांना पाणी सुटतं.

आणि धूळ! वंगण चिकट, आपली काळ्या मातीची धूळ बारीक. पेटी उघडी ठेवून वावटळ आली तर प्रत्येक गोळीवर पॉलिश पेपर चढला असं समजा. मॅटवर पडलेलं काडतूस पुसून परत लावणाऱ्याला आमच्या क्लबात दंड म्हणून सगळ्यांना चहा पाजावा लागतो.

आता ब्रँड. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमची एली, फिनलंडची लापुआ, तिच्याच कुटुंबातली जर्मन एसके, आणि आरडब्ल्यूएस ही नावं तुम्हाला ऐकायला मिळतील. वरच्या टोकाला एली टेनेक्स, लापुआ मिडास प्लस, आरडब्ल्यूएस आर-५०. मधल्या फळीत लापुआ सेंटर-एक्स, एसके रायफल मॅच. खाली एसके स्टँडर्ड प्लस, एली क्लब. माझं मत विचाराल तर हौशी माणसाने मधल्या आणि खालच्या फळीतले तीन-चार प्रकार तपासावेत आणि जे आपल्या नळीला आवडतं ते भरपूर घ्यावं. नळीला न आवडणारं टेनेक्स हे आवडणाऱ्या स्टँडर्ड प्लसपेक्षा वाईट जातं, हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. पण 'आपल्या गावच्या बंदुकांच्या दुकानात मिळतं का' ही अट पहिली. जे वर्षातून एकदाच मिळतं ते कितीही गोड लागलं तरी त्याच्यावर रायफल बसवू नका.

महाग काडतुसात तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः सारखेपणाचे. हिशोब करून पाहा. ५० मीटर जायला गोळीला साधारण ०.१६ सेकंद लागतात, तेवढ्यात ती बारा-साडेबारा सेंटिमीटर खाली येते. एक गोळी ३२० ने आणि दुसरी ३३० मीटरने निघाली तर दोघींच्या उंचीत सात-आठ मिलिमीटरचा फरक पडतो. ५० मीटरच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं आहे. म्हणजे तुमचा नेम अचूक असला तरी काडतूस एकट्याने दहाचा नऊ करू शकतं. १०० मीटरवर हाच फरक तीन सेंटिमीटरच्या पुढे जातो.

तपासणी कशी करायची

लॉट नंबर, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या मालाचा नंबर, पेटीवर छापलेला असतो. तो ब्रँडच्या नावाइतकाच महत्त्वाचा. एकाच नावाचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे वागतात. म्हणून तपासणी नावाची नाही, लॉटची करायची.

वेळ सकाळी सहा ते नऊ. आमच्याकडे उन्हाळ्यात दहानंतर जमिनीतून झळा उठतात, टार्गेट पाण्यात ठेवल्यासारखं हलतं आणि वाराही सुरू होतो. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर गोळीला दोन-तीन सेंटिमीटर वाहून नेतो. त्यात काडतुसाची परीक्षा घेणं म्हणजे पावसात पीठ चाळण्यासारखं.

रायफल टेबलावर, पुढे-मागे वाळूच्या पिशव्यांवर. मी एकदा पिशवीत वाळूऐवजी ज्वारी भरली होती, हलकी आणि छान बसते म्हणून. श्रावणात तिला पोरकिडे लागले आणि रेंजवर कोंबड्या जमायला लागल्या. वाळूच भरा, चाळलेली आणि कोरडी.

ब्रँड बदलला की आधी १५ गोळ्या मोजायच्या नाहीत. प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं असतं. आधीच्याचा थर निघून नव्याचा बसेपर्यंत गोळ्या भटकतात. त्यानंतर दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप. पाच गोळ्यांचे ग्रुप का नाही? कारण पाच गोळ्या खोटं बोलतात. एकच रायफल, एकच लॉट, तरी एक ग्रुप १२ मिलिमीटरचा आणि पुढचा २२ चा निघतो, आणि माणूस १२ वाला फोटो काढून सगळ्यांना पाठवतो. चार प्रकारांना मिळून २२० काडतुसं लागतील. खर्च वाटतो, पण नव्या नळीच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

मोजताना सर्वात दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून गोळीचा व्यास, ५.६ मिलिमीटर, वजा करा. चारही ग्रुपची सरासरी काढा. सर्वात चांगला ग्रुप नव्हे, सरासरी. त्याखाली सर्वात वाईट ग्रुपही लिहा. दोन लॉटच्या सरासरीत एक-दोन मिलिमीटरचाच फरक असेल तर ज्याचा वाईट ग्रुप लहान, तो घ्यायचा. अंदाजासाठी सांगतो, ५० मीटरवर एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे १४.५ मिलिमीटर. हौशी रायफल दहा गोळ्यांत सरासरी २० ते २५ मिलिमीटर देत असेल तर तिला नावं ठेवू नका. एखादा लॉट त्याखाली आला तर त्याच दिवशी दुकानदाराला फोन करून त्याच लॉटच्या शक्य तितक्या पेट्या बाजूला ठेवायला सांगा, अर्थात परवान्यावरच्या मर्यादेत.

काही जण टोपीच्या कडेची जाडी मोजून काडतुसं निवडतात. मी एक पावसाळा त्यात घालवला. डोळे दुखले, ग्रुप तेवढेच राहिले.

चारही प्रकारांत ग्रुप मोठेच आले, साफसफाई झालेली आहे, स्क्रू ठीक आहेत, क्लबातल्या तुमच्याहून चांगल्या नेमबाजाने झाडूनही तेच आलं आणि कारागिराने नळीत कॅमेरा घालून खड्डे दाखवले, तर मात्र पुढचा भाग वाचा.

नवी नळी निवडताना

पीळ म्हणजे रायफलिंगचा एक पूर्ण फेरा किती लांबीत होतो ते. .२२ एलआरला १६ इंचांत, म्हणजे ४०६ मिलिमीटरमध्ये एक फेरा, हे जगमान्य माप आहे. ३२५ मीटरच्या वेगाने निघालेली गोळी त्यामुळे सेकंदाला ८०० फेरे घेते. ४० ग्रेनच्या आखूड गोळीला तेवढं पुरतं. यात प्रयोग करू नका. जास्त घट्ट पीळ लांब, जड गोळ्यांसाठी असतो, आणि तुम्ही त्या झाडणार नाही.

लांबीबद्दल गैरसमज फार. .२२ ची दारू थोडी असते, साधारण ४०-४५ सेंटिमीटरमध्ये ती आपलं काम संपवते. पुढची लांबी वेग वाढवत नाही, उलट घर्षणाने थोडा कमी करते. मग स्पर्धेच्या रायफलींची नळी ६५-७० सेंटिमीटर का? पीप साइटसाठी, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायच्या साइटसाठी. पुढची आणि मागची साइट जितकी दूर, तितकी नेमातली चूक कमी. तुम्ही दुर्बीण लावून टेबलावरून झाडत असाल तर ५० ते ६० सेंटिमीटर पुष्कळ झाली, आणि आखूड जाड नळी कमी थरथरते. उभ्याने झाडणाऱ्याने जाडी निवडताना खांद्याला विचारावं. सरळ २२-२३ मिलिमीटरची जाड नळी टेबलावर राणी, उभ्याने पोत्यासारखी.

पोलाद कोणतं? स्टेनलेस की क्रोम-मॉली? अचूकतेत हौशी माणसाला फरक कळणार नाही. पण आपल्या हवामानात मी स्टेनलेस घेईन. पाऊस सुरू झाला की आठ महिने कोरड्या राहिलेल्या कपाटात एकदम दमट हवा भरते आणि काळ्या नळीवर पंधरा दिवसांत लाल ठिपके येतात. स्टेनलेसही गंजतं, पण तुम्हाला सावरायला वेळ देतं.

रायफलिंग पाडण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत. कठीण बटण ओढून दाबलेलं, एक-एक खाच कापलेलं आणि हातोड्यांनी ठोकून काढलेलं. .२२ मध्ये बटणाच्या पद्धतीने केलेल्या चांगल्या नळ्या पुष्कळ आहेत. पद्धतीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे आतून एकसारखेपणा आणि तोंडाशी किंचित घट्टपणा. मऊ शिशाची गोळी आत ढकलत नेली तर सुरुवातीपासून एकसारखी जावी आणि शेवटी जराशी आवळली जावी. मधेच सैल जागा असेल तर ती नळी नको. ही चाचणी कारागिराकडून करून घ्या, आणि आतून लॅप केलेली (घासून गुळगुळीत केलेली) नळी मिळत असेल तर तीच मागा. जर्मनीच्या लोथार वाल्थरच्या नळ्या, अमेरिकेतल्या लिल्या आणि शिलेनच्या नळ्या यांना .२२ मध्ये नाव आहे. अँशुट्झसारखी रायफल असेल तर मूळ कंपनीचीच नळी घेणं सोपं जातं, कारण ती बसवण्याची तिची पद्धत ठरलेली असते.

चेंबर. यावर दुकानदाराशी वाद घालायची तयारी ठेवा. साधं स्पोर्टिंग चेंबर सैल असतं, कुठलंही काडतूस गिळतं. मॅच चेंबर घट्ट असतं आणि बोल्ट बंद करताना गोळी रायफलिंगमध्ये थोडी रुतते, त्यामुळे ती दर वेळी सरळ रेषेत सुरू होते. बोल्ट रायफलीला मॅच चेंबर घ्या. सेमी-ऑटोला घेऊ नका, अडकेल. मॅच चेंबरची एक खोड आहे: भरलेलं काडतूस न झाडता काढायला गेलं तर कधी गोळी आतच राहते आणि दारू ॲक्शनमध्ये सांडते. म्हणून झाडायची वेळ येईपर्यंत बोल्ट बंद करायचा नाही.

कारागिराकडे काय विचारायचं

नळी बसवायचं तंत्र मी इथे सांगणार नाही, ते शिकलेल्या माणसाचं काम आहे. पण तुम्ही समोर बसून चार प्रश्न विचारू शकता, आणि चांगला कारागीर त्याने चिडत नाही, खूश होतो.

हेडस्पेस गेज आहेत का? .२२ मध्ये टोपीच्या कडेला मिळणारी जागा ०.०४३ ते ०.०४६ इंचांमध्ये, म्हणजे साधारण १.०९ ते १.१७ मिलिमीटरमध्ये असायला हवी. कमी असेल तर बोल्ट बंद होत नाही. जास्त असेल तर टोपी फाटून गरम वायू तोंडाकडे येऊ शकतो. गेज न दाखवता "अंदाज आहे आपल्याला" म्हणणाऱ्याकडून रायफल परत घ्या. तोंडाची कड कशावर कापणार? लेथवर, नळीच्या बोअरला केंद्र धरून, असं उत्तर हवं. फायरिंग पिन चेंबरला लागत नाही ना? आणि शेवटचं, काम झाल्यावर ॲक्शन दस्त्यात पुन्हा नीट बसतं का? नवी नळी जाड असेल तर दस्त्याची खाच कमी पडते, नळी एका बाजूला लाकडाला टेकते आणि नव्या नळीचा ग्रुप जुन्यापेक्षा वाईट येतो. दस्ता आणि नळी यांच्यामधून वहीचा कागद सहज सरकायला हवा. आमच्या एका मित्राने नवी नळी दोन महिने शिव्या देत वापरली. कागद मधेच अडकत होता.

परत रेंजवर

नव्या नळीला 'मुरवण्याचे' वीस विधी सांगणारे भेटतील. मी एवढंच करतो: कारखान्याचं तेल कोरड्या पॅचने काढतो, पहिल्या ५० गोळ्यांनंतर एकदा साफ करतो, मग ग्रुप जमेपर्यंत झाडत राहतो. झीरो, म्हणजे साइट आणि गोळीचा मेळ, नव्याने करावं लागेल. काडतुसाची तपासणीही पहिल्यापासून, कारण जुन्या नळीला आवडणारा लॉट नवीला आवडेलच असं नाही. इथेच बरेच जण कंटाळतात आणि म्हणतात पैसे पाण्यात गेले. २२० काडतुसं अजून एकदा.

पुढची सफाई: चेंबरच्या बाजूनेच, एकसंध सळई आणि गाइड घालून. नळी दर वेळी आरशासारखी करायची नाही, वंगणाचा थर हवा असतो. पण चेंबरपुढचं कडं दर तीन-चारशे गोळ्यांनी काढायचं. जून ते सप्टेंबर रायफल फोमच्या बॅगेत ठेवायची नाही. फोम ओल धरून ठेवतो. उभी, कुलूपबंद कपाटात, तोंड खाली करून, तेलाचा हलका हात मारून. तोंड खाली अशासाठी की तेल ॲक्शनमध्ये उतरून लाकडात मुरू नये.

एक वही ठेवा. तारीख, तापमान, लॉट, किती गोळ्या, सरासरी ग्रुप. पाच वर्षांनी परवाना नूतनीकरणाला जाल तेव्हा किती काडतुसं घेतली आणि किती वापरली हे विचारलं जातंच, तिथेही ही वही कामाला येते.

राहिली जुनी नळी. ती काढली म्हणून भंगार होत नाही. कायद्याच्या नजरेत ती अजूनही शस्त्राचा भागच आहे. आठवण म्हणून भिंतीवर टांगायची नाही, पोराला खेळायला द्यायची नाही, भंगारवाल्याला तर नाहीच. कारागिराच्या नोंदवहीत ती त्याच्याकडे जमा झाल्याची नोंद करून घ्या, पावती घ्या आणि तिची झेरॉक्स कार्यालयातल्या अर्जाला जोडून ठेवा. माझ्या एका ओळखीच्या माणसाने जुनी नळी शेतातल्या आखाड्यावर ठेवली होती, ती कोणीतरी पाहिली, आणि बाकीचा उन्हाळा त्याने रेंजवर नाही, चौकीत काढला.